एक पाय बसवला की झालं ना?

परवा रात्री जेवताना भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. गाझातलं दहा-अकरा वर्षांचं पोरगं. डावा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. गळ्यात दोरीनं रिकामा कॅन अडकवून, दोन कुबड्यांवर उड्या मारत तंबूंच्या ओळीतून पाण्याच्या रांगेकडं निघालेलं. आक्काच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. म्हणाली, "एवढं जग बघतंय त्याच्याकडं. कुणीतरी एक पाय बसवून द्या की. बसवला की झालं."

शेजारी बापू बसला होता, माझा मामेभाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याचा उजवा पाय उसाच्या ट्रॉलीखाली सापडला आणि गुडघ्याच्या चार बोटं खालून काढावा लागला. तो ताटावरच हसला. "आक्का, माझा ह्यो चौथा हाय."

आक्काचा प्रश्न खुळा नाही. बातमी बघणाऱ्या बहुतेकांच्या मनात हेच असतं: युद्धात पाय गेला, पोरगं वाचलं, कुठल्या तरी देशात पोचलं, संस्थेनं पाय दिला, टाळ्या. फोटोही तेवढेच येतात. युनिसेफनं २०२३ च्या अखेरीलाच सांगितलं होतं की गाझात सुमारे १००० मुलांचे एक किंवा दोन्ही पाय गेले आहेत. पुढच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे महासचिव म्हणाले की लोकसंख्येच्या मानानं जगात सगळ्यात जास्त अवयव गमावलेली मुलं आता तिथं आहेत. या मुलांचं पुढं काय होतं, ते कळायला आधी बापूचा पाय कळायला हवा.

सॉकेट नावाची भानगड

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे ढोबळमानानं तीन भाग. खाली पाऊल, मध्ये दांडी, वर सॉकेट. ऑपरेशननंतर पायाचा जो भाग उरतो त्याला डॉक्टर आणि कारागीर दोघंही स्टंप म्हणतात. स्टंप ज्या खोळीत बसतो ते सॉकेट. पाऊल तयार मिळतं, दांडी कापून लांबीला जुळवता येते. सॉकेट मात्र एका माणसाचं एकालाच. प्लास्टरनं माप घेऊन ते त्या स्टंपवरच बेतावं लागतं.

आपल्या टाचेची कातडी वजन पेलायलाच घडलेली असते. नडगीची नसते. सॉकेटमध्ये अख्ख्या अंगाचा भार त्या नाजूक कातडीवर येतो. माप एका जागी जरी चुकलं तरी फोड येतो, फोड चिघळला की पाय काढून ठेवायचा, आणि पाय काढून ठेवला की माणूस परत कुबडीवर. त्यात स्टंप एका मापाचा राहत नाही. ऑपरेशननंतर सूज उतरत जाते, स्नायू आटतात, आणि पहिलं सॉकेट काही महिन्यांतच ढिलं पडतं. नंतरही दिवसभरात फरक पडतो. पावसाळ्यात दार फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, तसंच. बापू सकाळी एक मोजा घालून सॉकेट चढवतो. दुपारी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या आडोशाला बसून दुसरा चढवतो. तिसरा कायम खिशात असतो.

हे झालं मोठ्या माणसाचं. पोराचं गणितच वेगळं. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, पण सॉकेट वाढत्या अंगाचं करता येत नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा हिशेब असा आहे: मोठ्या माणसाला दर तीन ते पाच वर्षांनी नवा पाय लागतो, वाढत्या मुलाला दर सहा महिन्यांनी. व्हिडिओतलं ते पोरगं दहाचं धरलं, तर अठराचं होईपर्यंत सोळा पाय. सोळा वेळा माप, सोळा वेळा नव्यानं चालायला शिकणं. मधली दुरुस्ती वेगळी.

आणखी एक गोष्ट मला हे वाचायला लागेपर्यंत माहीत नव्हती. हाड मध्येच कापलं गेलं असेल तर लहान मुलात ते टोकाला वाढत राहतं, आणि वरची कातडी त्या वेगानं वाढत नाही. हाडाला तासलेल्या पेन्सिलीसारखं टोक येतं आणि ते आतून कातडीला टोचतं. मग परत ऑपरेशन. काही मुलांना असं दोन-तीनदा करावं लागतं. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर आणखी एक फेरा असतो. मांडीच्या हाडाची साधारण ७० टक्के वाढ त्याच्या खालच्या, गुडघ्याजवळच्या टोकातून होते. ते टोकच गेलं की धडधाकट पाय वाढत राहतो आणि स्टंप मागं राहतो. दहाव्या वर्षी पुरेसा लांब वाटलेला स्टंप सोळाव्या वर्षी आखूड ठरतो, आणि आखूड स्टंपवर पाय नीट धरत नाही. म्हणून शक्य असेल तिथं मुलांचे सर्जन हाड मध्ये न कापता सांध्यातून पाय वेगळा करतात. शांतपणे विचार करायला वेळ असेल तर.

युद्धात तो वेळ नसतो

बापूला तासाभरात मिरजेला नेलं. मिरज हे आपल्या भागाचं नशीबच म्हणायचं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासून पार कर्नाटकातून लोक उपचाराला येतात.

स्फोटाची जखम ट्रॉलीच्या जखमेसारखी नसते. स्फोट माती, कपड्याच्या चिंध्या, बुटाचे तुकडे मांसात खोलवर घुसवतो. वरून जखम छोटी दिसते, आत सगळं घाण. ती लगेच शिवली की आत सडते. म्हणून युद्धातले सर्जन मेलेलं मांस काढून जखम मुद्दाम काही दिवस उघडी ठेवतात आणि स्वच्छ झाल्यावरच बंद करतात. त्यासाठी पाणी, वीज, भूल, प्रतिजैविकं आणि पाच दिवसांनी तोच रुग्ण त्याच खाटेवर सापडणं, एवढं सगळं लागतं. दवाखानाच रिकामा करायची वेळ आली तर यातलं काहीच उरत नाही. बऱ्याचदा वाचवता आला असता तो पायही कापावा लागतो, किंवा एकदा कापलेला आणखी वर कापावा लागतो.

नसलेला पाय चावतो कसा?

पहिल्या वर्षी बापू रात्री ओरडून उठायचा. "तळपायाला मुंग्या आल्यात, दाबा." तळपाय नव्हताच. मामी घाबरून देवऋषीकडं जाऊन आली.

याला इंग्रजीत फँटम पेन म्हणतात, म्हणजे नसलेल्या अवयवाचं दुखणं. यातला 'फँटम' हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. वीअर मिचेल यांनी रूढ केलं. गाव धरणात गेलं तरी सातबाऱ्यावर शिवाराची नोंद राहावी, तसं काहीसं मेंदूचं असतं. त्याच्याकडं अख्ख्या अंगाचा नकाशा असतो आणि पाय गेला तरी नकाशातला पाय पुसला जात नाही. त्यात कापलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना गाठी होतात आणि त्या उगाच संदेश पाठवत राहतात.

यावर एक स्वस्त उपाय डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचवला. आरसा अशा बेतानं ठेवायचा की धडधाकट पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. मग चांगला पाय हलवायचा, बोटं सैल सोडायची. मेंदूला दिसतं की "तो" पायही सैल पडला. सगळ्यांना गुण येत नाही, पण बऱ्याच जणांना येतो. बापूनं कपाटाचा आरसा काढून दोन महिने हा प्रकार केला. आक्काला अजून वाटतं की देवऋषीचा गुण.

दुखणं मनाचे खेळ नव्हे, एवढं यातून कळलं तरी पुरे. मनाचा भाग वेगळा आहेच. ज्या पोरानं त्याच स्फोटात आई गमावली, ते दरवाज्याच्या आवाजानं अंथरूण ओलं करतं, आणि ते पोरगं व्यायामाला नीट उभं राहील ही अपेक्षा फुकट आहे. अंगाचे आणि मनाचे उपचार एकाच वेळी, एकाच ठिकाणी व्हावे लागतात.

निर्वासित कोण, आणि धरणग्रस्ताहून वेगळा कसा?

आपल्या सातारा जिल्ह्याला विस्थापन नवीन नाही. कोयना धरणात जावळी-पाटणकडची गावं गेली, आणि साठ वर्षं होऊन गेली तरी त्यांच्या पुनर्वसनाची आंदोलनं संपलेली नाहीत. पण धरणग्रस्त कितीही नाडला तरी त्याचं नागरिकत्व जात नाही. तो कलेक्टर कचेरीपुढं ठिय्या देऊ शकतो, मत देऊ शकतो, कोर्टात जाऊ शकतो. निर्वासिताच्या पायाखालून ही कचेरीच निघून गेलेली असते.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मतामुळं छळ होईल अशी रास्त भीती असल्यानं जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. देशाची हद्द न ओलांडता घर सोडावं लागलं तर त्याला अंतर्गत विस्थापित म्हणतात. २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख लोक असे परागंदा होते. त्यातले ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशातच होते, आणि हद्दीपलीकडचे निर्वासित ४ कोटी २७ लाख. गाझाचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं, कारण तिथल्या बहुतेक कुटुंबांवर १९४८ पासूनच निर्वासितपणाचा शिक्का आहे आणि आता ती तिथल्या तिथं पुन्हा पुन्हा उठवली गेली.

"युरोपात गेले की सुटले" हाही एक गोड गैरसमज. जवळपास तीन चतुर्थांश निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात, बहुतेक शेजारच्याच. तिसऱ्या देशानं रीतसर निवडून नेलेल्यांचं प्रमाण एखाद्या वर्षात शंभरात एकही भरत नाही.

भारतानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तरी आपल्या भागानं निर्वासित पाहिलेत. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडमधून हाकललेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. आजारी मुलांना हवापालटासाठी पाचगणीला ठेवत. त्यांचं बरं चाललं याला एक साधं कारण होतं. पाच वर्षं त्यांना कुणी हलवलं नाही. शाळा तीच, दवाखाना तोच, चर्च तेच.

मग तुटतं ते काय?

पाय एकदा तुटतो. त्यानंतर युद्ध तोडत राहतं ती वर्कशॉपची वाट. सोळा पाय म्हणजे सोळा वेळा त्याच कारागिराकडं परत जाणं. बापूला तासगावातून मिरजेला जायला एसटी आहे, आणि तिथल्या कारागिराला त्याच्या स्टंपवरची दुखरी जागा पाठ आहे. हद्द ओलांडणाऱ्या पोराचं तसं नसतं. ऑपरेशनचे कागद ढिगाऱ्याखाली गेले. पहिला पाय एका देशात मिळाला, त्याचे स्क्रू दुसऱ्या देशात मिळत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरला त्याची भाषा येत नाही, आणि कुठं टोचतं हे सांगणं हेच तर अर्धं माप. सहा महिन्यांनी तारीख मिळते, तेव्हा छावणी बदललेली असते. घट्ट झालेला पाय मग तंबूच्या कोपऱ्यात पडून राहतो.

उलट उदाहरण काबूलमध्ये आहे. तिथं रेडक्रॉसचं केंद्र १९८८ पासून चालू आहे. सत्ता किती बदलल्या, केंद्र जागेवर राहिलं. तिथं काम करणारे जवळजवळ सगळे स्वतःच दिव्यांग आहेत, अनेक जण आधी तिथलेच रुग्ण. सुरुंगात पाय गेलेला माणूस दारात येतो तेव्हा त्याचं माप घेणाराही लंगडत येतो. मला वाटतं, समुपदेशनाचे शंभर तास त्यापुढं फिके पडतील.

छावणीतलं रोजचं जगणं समजून घ्यायला लांब जायला नको. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घरात शिरली तेव्हा बापू आठवडाभर एका शाळेत होता. सॉकेट भिजलं, मोजे वाळेनात, स्टंपला फोड आला. पाय काढून ठेवला. संडास मैदानाच्या टोकाला, चार पायऱ्या चढून, आणि सगळीकडं चिखल. त्यानं काय करावं? पाणी प्यायचंच कमी केलं. दिवसाला दोन भांडी. जेवण होतं, औषधं होती, माणसं प्रेमानं वागत होती, फक्त उतार केलेली एक फळी नव्हती. पाय गेल्यानं बापूला जेवढं अपंगत्व आलं, त्याहून जास्त त्या आठवड्यात त्या चार पायऱ्यांनी आणलं. आमचा हा आठवडा होता. निर्वासितांच्या छावणीत कित्येक पोरांचं अख्खं बालपण जातं.

रोबोटचा हात-पाय का देत नाहीत?

कारण तो चार्ज करावा लागतो, धूळ-पाणी चालत नाही आणि बिघडला की कंपनीकडंच पाठवावा लागतो. छावणीत त्याचं दोन महिन्यांत खेळणं होतं. त्या मानानं आपल्या जयपूर फूटचा विचार बघा. १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरमध्ये रबराचं पाऊल केलं. अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, शेतातल्या चिखलात उतरता यावं, ही त्यांची यादी होती. तोपर्यंतचे परदेशी पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. अफगाणिस्तानातल्या सुरुंगग्रस्तांपर्यंत हे पाऊल पोचलं ते त्यामुळंच. युद्धाच्या भागांत रेडक्रॉस जे साधं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक वापरतं त्यामागचं तत्त्वही तेच: जिथं पाय बसवला तिथंच दुरुस्त झाला पाहिजे.

जिद्द असली की सगळं जमतं, हे खरं का?

जिद्द या शब्दाची मला आता थोडी चीड यायला लागली आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आपल्याला माहीत आहेत. १९६५ च्या युद्धात लष्करात असताना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री द्यायला आपल्याला २०१८ उजाडलं, ते सोडा.

आता इब्राहिम अल हुसेन यांची गोष्ट. सीरियातल्या देर एझ्झोरचे, वडील पोहण्याचे प्रशिक्षक, पोहायला शिकले ते युफ्रेटिस नदीत. २०१२ साली गोळी लागलेल्या मित्राला उचलायला धावले, तेवढ्यात स्फोट झाला आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. आधी तुर्कस्तान, मग २०१४ साली रबरी होडीतून ग्रीसचं सामोस बेट. अथेन्समध्ये एका डॉक्टरनं फुकट चांगला पाय बसवून दिला. कॅफेत काम करत ते पुन्हा पोहायला लागले, आणि २०१६ ला रिओ पॅरालिम्पिकमध्ये निर्वासितांच्या संघातून उतरले.

दोघांची जिद्द मोजायला माझ्याकडं तराजू नाही. पण पेटकरांच्या मागं लष्कराचं रुग्णालय होतं, देशाचा झेंडा होता, परतायला गाव होतं. इब्राहिम यांच्या मागं एका डॉक्टरची मर्जी होती. तो डॉक्टर भेटलाच नसता तर जिद्द तेवढीच असून आपल्याला त्यांचं नाव कळलं नसतं. असे न भेटलेले किती असतील.

सगळं अपंगत्व युद्धातूनच येतं असंही नाही. सीरियाची नुजीन मुस्तफा जन्मापासून सेरेब्रल पाल्सी या मेंदूच्या विकारामुळं चालू शकत नाही. २०१५ साली सोळाव्या वर्षी ती व्हीलचेअरवरून, बहिणीच्या मदतीनं जर्मनीला पोचली. २०१९ ला तिनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत उभ्या जगाला सुनावलं की युद्धात आमची मोजदादच होत नाही.

आपल्याकडचेच दिव्यांग काय कमी आहेत?

हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला झटकून टाकू नये. अपंगत्वाच्या टक्केवारीच्या दाखल्यासाठी बापूनं किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. पाय उगवला का ते बघायला दर वेळी बोलवत असावेत, असं तोच म्हणतो.

पण हे दोन वेगळे कप्पे नाहीत. दिव्यांगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं ११ वं कलम सांगतं की युद्ध, मानवी संकट आणि नैसर्गिक आपत्ती या तिन्हींत दिव्यांगांचं संरक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. आपण २००७ साली तो करार मान्य केला, आणि आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ८ व्या कलमात तेच लिहिलं. म्हणजे गाझातल्या पोराच्या तंबूला उतार हवा असं म्हणणारं तत्त्व आणि सांगलीच्या पूर छावणीत फळी हवी असं म्हणणारं तत्त्व एकच. तिकडं ते कागदावर राहतं म्हणून आपण हळहळतो. इकडं राहतं तेव्हा पावसाला दोष देतो.

जेवण झाल्यावर

ताटं उचलल्यावर बापूनं भाच्याकडून मोबाईल मागून घेतला आणि तो व्हिडिओ परत लावला. दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा मध्येच थांबवला. आम्हाला वाटलं गहिवरला. तो बोटानं पडद्यावर काहीतरी मोजत होता.

"कुबडी आखूड हाय त्याची," म्हणाला. "बघ की, केवढं वाकून टेकतंय. पाठ जाणार पोराची. दिली तवा बरोबर असंल."